पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्याचा निषेध: ख्रिस्ती माणसाने सही करावी का?

वसईचा_वाचक

सर्वांना जय ख्रिस्त. 26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सीन नदीवरील पुलावर कलाकारांची एक लांब रांग उभी राहिली. मध्यभागी तेजोवलयासारखे चंदेरी शिरोभूषण घातलेली डीजे होती, आणि हे प्रभू येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाचे विडंबन आहे, असे जगभरातील अनेक ख्रिस्ती लोकांना वाटले. मलाही तसेच वाटले आणि वाईट वाटले. आता आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक निषेधपत्र फिरत आहे. त्यात कलाकारांवर गुन्हा दाखल करण्याची मागणी आहे, शिवाय त्यांच्या शरीरयष्टीबद्दल आणि लैंगिकतेबद्दल बरेच काही लिहिले आहे. सही न करणाऱ्याला ‘कोमट ख्रिस्ती’ म्हटले जात आहे. श्रद्धेचा मान राखायचा तर संताप व्यक्त करणे हे कर्तव्यच ठरते का? कृपया विचारपूर्वक उत्तर द्यावे.

नगरचा_उपासक

वाईट वाटणे आणि संतापाची मोहीम उभारणे या दोन गोष्टी आपण एकच समजू लागलो आहोत, असे मला वाटते. फ्रान्समधील बिशपांनी दुसऱ्याच दिवशी निवेदन काढले. सोहळ्यातील सौंदर्याचे त्यांनी कौतुक केले आणि ख्रिस्ती धर्माची थट्टा करणाऱ्या दृश्यांबद्दल खेद व्यक्त केला. दिग्दर्शक तोमा जोली यांनी आपली प्रेरणा ऑलिंपस पर्वतावरील ग्रीक देवांच्या मेजवानीची होती, असे सांगितले. त्याच दृश्यात पुढे आलेला निळा गायक हा ग्रीक देव डायोनिसस होता. हे स्पष्टीकरण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. आयोजकांच्या प्रवक्त्यांनी कोणी दुखावले असल्यास दिलगिरी असल्याचे सांगितले, आणि 3 ऑगस्टला व्हॅटिकननेही दुःख व्यक्त केले. एवढे झाल्यावर विषय थांबायला हवा होता. प्रत्यक्षात त्या डीजेला आणि दिग्दर्शकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि दोघांनाही पोलिसांत तक्रार करावी लागली. धमक्या देणाऱ्यांपैकी किती जण रविवारी उपासनेला जातात, हे देव जाणे. पण त्यांनी नाव घेतले ते आपल्या प्रभूचे.

रोममधील पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेले एक चित्र सापडले आहे. ते साधारण अठराशे वर्षांपूर्वीचे मानले जाते. वधस्तंभावर गाढवाचे डोके असलेला माणूस, त्याच्यासमोर हात उंचावलेला एक तरुण आणि खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’ असा टोमणा. वधस्तंभावरील ख्रिस्ताची जी सर्वांत जुनी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत या थट्टेचा समावेश होतो, हे आपण सहसा कोणाला सांगत नाही! शेजारच्या खोलीत वेगळ्या हस्ताक्षरात लॅटिनमध्ये दोनच शब्द कोरलेले आढळले: ‘अलेक्सामेनोस विश्वासू’. ते त्याने स्वतः लिहिले की त्याच्या एखाद्या सोबत्याने, ते सांगता येत नाही. पण ज्या काळी ख्रिस्ती माणसाच्या हाती ना सत्ता होती ना न्यायालय, त्या काळचे हे उत्तर मला फार पुरेसे वाटते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब आणि योहान या शिष्यांनी आकाशातून अग्नी पाडून त्या गावाचा नाश करण्याची परवानगी मागितली. प्रभूने दटावले ते या दोघांना, गावकऱ्यांना नव्हे. मग ते सगळे दुसऱ्या गावाला निघून गेले. तुमच्या निषेधपत्राचा मसुदा याकोब-योहानांच्या बाजूचा आहे, एवढे मात्र मी स्पष्ट सांगेन.

माहीमकर

वरील उत्तर विद्वत्तापूर्ण आहे, पण ते मला सोयीचे वाटते. प्रत्येक वेळी आपणच गाल पुढे करायचा, आणि दुसऱ्या एखाद्या धर्माची अशी थट्टा करायची मात्र याच आयोजकांची छाती होणार नाही, यात कोणता न्याय आहे? गप्प बसणाऱ्याला जग गृहीत धरते.

नगरचा_उपासक

छाती होणार नाही, हे खरे असेलही. पण त्याचे कारण भीती असेल, तर लोकांनी आपल्यालाही तसेच भ्यावे, ही आपली मागणी आहे का? मला ती नको आहे. बोलायला माझी हरकत नाही, बिशपही बोललेच.

न्यायालयाच्या_पायरीवरून

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. पॅरिसमधील कार्यक्रमाबद्दल वसईत गुन्हा नोंदवण्याची मागणी मुळातच निरर्थक आहे. आपल्याकडे 1927 मध्ये दंडसंहितेत घातलेले, धर्माच्या अपमानाबद्दलचे कलम 295-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 म्हणून आले आहे. त्यात केवळ भावना दुखावणे पुरेसे नसते, तर अपमान हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला असावा लागतो. 2006 मध्ये ख्रिस्ती संघटनांनी आक्षेप घेतलेल्या ‘द दा विंची कोड’ चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिलेले असतानाही काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतील बंदी त्याच वर्षी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली. आणखी एक गोष्ट: याच देशात एखाद्या पाळकाने घरात प्रार्थनासभा घेतली, तरी ‘भावना दुखावल्या’ अशी तक्रार होऊ शकते. हे कलम सैलपणे वापरले जावे अशी मागणी करणाऱ्या अल्पसंख्याकाने आधी त्याची धार कोणाकडे वळते, ते पाहावे.

माहीमकर

कायद्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र सहीच करू नये, हे मला अजूनही पटत नाही. पत्रच बदलता येणार नाही का?

वसईचा_वाचक

सर्वांचे आभार. मी गटावर नवा मसुदा टाकला आहे. गुन्ह्याची मागणी आणि कलाकारांच्या शरीराबद्दलचा पूर्ण परिच्छेद काढला, दिग्दर्शकाचे स्पष्टीकरण नोंदवले आणि आम्हाला दुःख का झाले, हे चार वाक्यांत लिहिले. धमक्यांचा निषेध करणारे पाचवे वाक्यही घातले आहे. त्या पाचव्या वाक्यावर गटात सकाळपासून वाद सुरू आहे, पण ते वगळले तर मी सही करणार नाही, असे कळवले आहे.