पगार कमी, काम मनासारखं: तुमचे अनुभव लिहा

जास्त पगाराची नोकरी सोडून किंवा नाकारून मनासारखं काम निवडलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. घरी काय बोलणं झालं, हप्ते कसे भागवले, आता कामाचा दिवस कसा जातो, सगळं सविस्तर लिहा. ज्यांनी विचार करून पगारच निवडला, त्यांनीही जरूर लिहावं.

---

मी सॉफ्टवेअर सोडून शाळेत शिकवायला लागले. पगार एकतृतीयांशावर आला. राजीनाम्याआधी वर्षभर आम्ही नव्या पगाराएवढ्याच पैशात घर चालवलं आणि माझा उरलेला पगार गृहकर्जात भरत गेलो. त्यामुळे सासूबाईंची काळजी बोलण्याने नाही, हिशोबाने मिटली.

शिकवणं सोपं नाही हं. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणारं मूल आळशी नसतं. ते वरच्या अंकांची वेगळी बेरीज करतं, खालच्यांची वेगळी. त्याच्या मते हिशोब चोख असतो. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायचं आणि मग कागदाची पट्टी घडी घालून त्यालाच चूक सापडू द्यायची, यात माझा दिवस जातो. संध्याकाळी पार थकलेली असते. पण रविवारी रात्री पोटात गोळा यायचा, तो आता येत नाही.

---

माझं उलट. चित्रकलेचा ध्यास होता, पण आईचं आजारपण निघालं आणि मी बँकेतली नोकरी धरून ठेवली. कृपया याला तडजोड म्हणू नका. तिचे उपचार त्या पगारावर झाले.

---

पैशाला कमी लेखू नये, हे मलाही पटतं. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांच्या २०१०च्या अमेरिकेतल्या अभ्यासातला वर्षाला ७५,००० डॉलर उत्पन्नाचा आकडा सगळे सांगतात: त्यापुढे रोजचा आनंद वाढत नाही म्हणे. पण २०२३ साली कानेमन यांनीच किलिंग्सवर्थ या संशोधकासोबत आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढेही वाढताना दिसला. थांबला तो सर्वांत कमी आनंदी गटाचा. हे माहीत असूनही मी औषधविक्री सोडून रुग्णांच्या पुनर्वसनात आलो. पक्षाघातानंतर कुणी स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावतं, तेव्हा मला तिथे असायचं असतं.

---

शिक्षिकाताई, वर्षभर कमी पैशात राहून बघण्याची कल्पना फार आवडली. आम्हीही या महिन्यापासून सुरू करतोय. फक्त त्यात आरोग्यविम्याचा हप्ता धरला होता का? कंपनीचा विमा नोकरीबरोबरच जातो, आणि आमच्या घरी वडिलांचं वय झालंय.