सुरतला घटस्फोटाची केस टाकली, बहीण अमळनेरला. आता काय?

अमळनेरकर_भाऊ:
मंडळी जरा सांगा. बहीण लहान पोरीला घेऊन वर्षभरापासून आमच्याकडेच आहे, दाजी सुरतला साडी मार्केटमध्ये कामाला, आता तिकडच्या फॅमिली कोर्टातून घटस्फोटाचं समन्स आलंय. वडील म्हणतात जाऊच नका, आपोआप थंड होईल. दर तारखेला पोरीला घेऊन रेल्वेने सुरत गाठायचं का? आणि दाजी एक रुपया देत नाहीत.

धुळ्याचा_वकील:
दादा, वडिलांचं एवढं ऐकू नका. गैरहजर राहिलं की एकतर्फी हुकूम होतो, मग तो रद्द करायला परत वेगळा अर्ज नि वेगळ्या तारखा. तिकडे वकील लावून कैफियत (लेखी उत्तर) द्या.
पोटगीसाठी मात्र सुरतला जायचं काम नाही, बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, जुलै 2024 पासून नव्या कायद्यात 144 झालं, कोर्टात अजून सगळे एकशे पंचवीसच म्हणतात. त्याच दिवशी अंतरिम पोटगीचा अर्ज जोडा, नाहीतर मूळ केस संपेपर्यंत हातात काही पडत नाही. कायद्यात या अंतरिम अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाल द्या असं आहे, पण समन्स बजावण्यातच महिने जातात, पत्ता चुकला, घेतलंच नाही, साहेब रजेवर. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा मध्ये सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, म्हणून उगाच लांबवू नका.

तापीकाठची:
आणि हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं समजू नका बरं का! वसुलीचा अर्ज वेगळा टाकावा लागतो, तोही रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत. आमच्याकडे वॉरंट निघालं तेव्हा कुठे पैसे भरले गेले. दोघांना उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात समोरचा पगार कमीच दाखवणार, म्हणून जुने फोन पे चे मेसेज, पासबुक, दुकानाचे फोटो आत्ताच जमवा. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

केळीवाला_रावेर:
भाऊ, 498अ (सासरच्या छळाची पोलीस केस) ठोका, लगेच लाईनवर येतील.

धुळ्याचा_वकील:
छळ झाला असेल तर जरूर करा (आता ते कलम 85). नुसता दबाव म्हणून नको. ती फौजदारी केस वेगळी चालते, तिच्या तारखा वेगळ्या, आणि खोटं निघालं की उलटतपासणीत बहिणीच्याच अंगावर येतं. असला सल्ला देणारे तारखेला कुणी सोबत येत नाहीत.

अमळनेरकर_भाऊ:
घटस्फोटाची केस इकडे आणता येते का?

धुळ्याचा_वकील:
येते. धुळे-जळगाव असतं तर औरंगाबाद खंडपीठात काम झालं असतं, पण सुरत दुसऱ्या राज्यात म्हणून ट्रान्स्फरचा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात. लहान पोर, कमाई नाही, लांबचा प्रवास हे मुद्दे तिथं धरतात, मोफत वकील तिथंही मिळतो. तोवर सुरतची तारीख चुकवू नका. आणि पोटगीच्या अर्जात पोरीचं नाव स्वतंत्र टाका, तिचा हक्क वेगळा आहे.