न थांबणारी स्क्रिप्ट टॅब बंद न करता कशी रोखावी?

प्रश्न:
तक्त्याच्या प्रत्येक ओळीखाली तपशिलाची नवी ओळ घालणारी जावास्क्रिप्ट मी क्रोममध्ये तपासत आहे. बटण दाबताच सुरू होणारा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोडचा भाग) संपतच नाही, पान गोठते, आणि टॅब बंद केल्यावर चूक नेमकी कोठे आहे हे कळण्याची वाटही बंद होते. टॅब न मारता स्क्रिप्ट थांबवता येते का?

प्रतिसाद १:
येते, मात्र डेव्हटूल्स (ब्राउझरमधीलच कोड तपासण्याची साधने) आधीपासून उघडलेली हवीत. पान गोठल्यावर ती उघडायला गेलात तर बहुधा हात हलवत परतावे लागते. त्यांतील कोड दाखवणारे सोर्सेस पॅनेल उघडे ठेवून लूप सुरू करा आणि तेथील पॉजचे बटण दाबा. स्क्रिप्ट ज्या ओळीवर असेल तेथेच थबकते; कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी) आणि व्हेरिएबल्सच्या त्या क्षणीच्या किमती निवांत पाहता येतात. त्यानंतर रिझ्यूमचे बटण नुसते दाबले तर लूप पुन्हा धावू लागेल, म्हणून ते दाबून धरावे; तेथे स्टॉपचा पर्याय मिळतो, ज्याने चालू असलेला कॉल तेवढा संपतो आणि पान शाबूत राहते. शिफ्ट आणि एस्केप दाबून येणाऱ्या टास्क मॅनेजरमधून टॅबची प्रोसेस संपवता येते, पण ते पंचनाम्याआधीच पुरावा जाळण्यासारखे आहे.

प्रतिसाद २:
फायरफॉक्समध्ये स्क्रिप्ट फार वेळ अडून राहिली की ती थांबवण्याचा पर्याय देणारी सूचना ब्राउझर स्वतःच दाखवतो. सेट-टाइमआउटने (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सोयीने) स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावणारे फंक्शन मात्र असे पकडले जात नाही, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये ब्राउझरला पान रंगवायला आणि क्लिक ऐकायला सवड मिळते. प्रॉमिसच्या (नंतर मिळणाऱ्या निकालासाठीच्या ऑब्जेक्टच्या) साखळीत ती सवड नसते. मायक्रोटास्कची, म्हणजे चालू कोड संपताच लगेच उरकायच्या प्रॉमिससारख्या कामांची, रांग रिकामी होईपर्यंत बाकी सारे खोळंबते, त्यामुळे कोठेही व्हाइल लूप नसताना पान गोठू शकते.

प्रतिसाद ३:
वर्णनावरून मला मूळ कारणाचीच शंका येते. ओळी आपण गेट-एलिमेंट्स-बाय-टॅग-नेमने घेतल्या असतील, तर तो संग्रह जिवंत असतो: लूपमध्ये घातलेली प्रत्येक नवी ओळ त्यात आपोआप दाखल होते, आणि इंडेक्स (चालू ओळीचा क्रमांक) एकाने वाढला की लेंग्थही (संग्रहातील एकूण संख्या) एकाने वाढते, त्यामुळे अट कधीच खोटी ठरत नाही. क्वेरी-सिलेक्टर-ऑल वापरल्यास संग्रह स्थिर राहतो; अथवा अ‍ॅरे-फ्रॉमने आधी प्रत काढून ठेवावी. खात्री करायची असल्यास लूपच्या आतील ओळीवर कंडिशनल ब्रेकपॉइंट (अट पूर्ण झाली तरच स्क्रिप्ट थांबवणारी खूण) लावा आणि इंडेक्स तक्त्यातील मूळ ओळींच्या संख्येपेक्षा मोठा झाल्यास थांबावे अशी अट द्या. तेथे थांबल्यावर लेंग्थची किंमत पाहिली की पुरे.