खालच्या दाढांचं इम्प्लांट झालं, आता तोंडाची निगा नेमकी कशी राखायची?

मोगरी:
आईच्या खालच्या डाव्या बाजूला दोन दाढांच्या जागी आज इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) बसवले. टाके आहेत आणि हिरडीतून हीलिंग कॅपच्या (इम्प्लांटवर तात्पुरत्या बसवलेल्या) चकचकीत टोप्या वर दिसतात. हातात दिलेल्या कागदावर 'तोंड स्वच्छ ठेवा' एवढंच आहे. ब्रश कधीपासून करायचा? माउथवॉश आणि मिठाचं पाणी दोन्ही वापरायचं का? सूज किती दिवस राहते? तिची काढता-घालता येणारी अर्धी कवळी लगेच लावली तर चालेल का? तिला मधुमेह आहे, म्हणून जरा काळजी वाटते.

कृष्णकमळ:
पहिले २४ तास सफाईचे नाहीत, रक्ताची गुठळी जागेवर टिकवण्याचे आहेत. थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तोंडात ओढ बसली की गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. लाळ गुलाबी दिसली तर काही बिघडलेलं नाही. रक्त वाहतच असेल तर गॉझची जाडसर घडी ओली करून नेमकी टाक्यांवर ठेवा आणि सलग ३० मिनिटं चावून धरायला सांगा. मध्येच उचलून बघू नका. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

बर्फ कापडात गुंडाळून गालावर बाहेरून लावा: १५ मिनिटं ठेवायचा, १५ मिनिटं काढायचा. याचा उपयोग पहिल्या एक-दोन दिवसांतच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, ते अपेक्षितच आहे. मात्र चौथ्या दिवशीही ती वाढतेच आहे, ताप आहे, पू येतोय किंवा तोंड उघडेनासं झालंय, तर वाट पाहू नका.

बाकीच्या दातांना आज रात्रीच मऊ ब्रश फिरवा. थुंकायच्या ऐवजी बेसिनवर मान वाकवून फेस आपोआप गळू द्या. टाक्यांवर ब्रश नको.

उद्यापासून गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. पाणी तोंडात घेऊन डोकं हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलवायचं आणि ओघळू द्यायचं, गाल फुगवून घुसळायचं नाही.

पारिजात_७:
वरच्यात माउथवॉशची भर घालतो. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) लिहून दिलं असेल तर बाटलीवरचं प्रमाण बघा. ०.२ टक्के असेल तर साधारण १० मिली, ०.१२ टक्के असेल तर १५ मिली. सकाळ-संध्याकाळ अर्धा ते एक मिनिट. पाणी मिसळायचं की नाही हे बाटलीनुसार ठरतं, ते वाचून घ्या. बहुतेक टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रश आणि माउथवॉश यांत अर्धा तास तरी जाऊ द्या. मिठाचं पाणीही त्यावर लगेच नको. आठवडा-दोन आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते.

टोप्यांची सफाई बहुतेकांकडून राहून जाते. दोन-तीन दिवसांनी कापसाची काडी त्याच माउथवॉशमध्ये बुडवून टोपीचा माथा आणि कडेचा पांढरा थर हलकेच पुसा. टाक्यांच्या टोकांत कापूस अडकला तर ओढू नका, ओला करून सोडवा. टाके ७ ते १४ दिवसांत काढतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा अगदी मऊ ब्रश सुरू करायचा.

मधुमेहाचं औषध बंद करायचं नाही. पण खाणं कमी झालं असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर त्याची मात्रा डॉक्टरांना आजच विचारा. सूज कमी करायला स्टेरॉइड दिलं असेल तर साखर वाढते, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. साखर चढलेली राहिली तर जखम रेंगाळते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

मोगरी:
खूप आभार. आणि कवळीचं?

कृष्णकमळ:
डॉक्टरांनी आतून घासून मोकळी करून दिल्याशिवाय अजिबात नको. हाड इम्प्लांटला धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. त्या काळात तो वारंवार हलला, अगदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त जरी, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय थर तयार होतो आणि इम्प्लांट कायमचा सैल राहतो. कवळी चावताना दर वेळी टोपीवर टेकत असेल तर नेमकं हेच होतं, आणि दुखत नसल्यामुळे लक्षातही येत नाही. खाणंही काही आठवडे मऊ, कोमट आणि दुसऱ्या बाजूने.

तंबाखू कुठल्याही रूपात नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसं रक्त मिळत नाही.

शेवंती:
दोन गोष्टी राहिल्या. टोपी फिरते आहे असं जाणवलं तर बोटाने आवळू नका. बहुतेक वेळा फक्त तिचा स्क्रू सैल झालेला असतो, पण ती निघाली तर गिळली जाऊ शकते आणि हिरडी त्या जागी झपाट्याने मिटते. निघालीच तर डबीत ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दुसरी जास्त महत्त्वाची. भूल उतरायला काही तास लागतात, तोवर गरम काही देऊ नका, ओठ चावला गेला तरी कळत नाही. पण भूल उतरायची वेळ टळून गेल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर रात्रीच फोन करा, सकाळची वाट नको. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेवर दाब आला असेल, तर इम्प्लांट लवकरात लवकर, पहिल्या दीड दिवसाच्या आतच काढला, तर संवेदना परतण्याची शक्यता जास्त असते.