मसाला लावलेले फ्रोझन फ्राइज घरी केलेत का? अनुभव लिहा

साधे फ्रोझन फ्राइज मी कित्येक वर्षं करतेय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच मसाला लावलेलं पाकीट आणलं, आणि पाकिटाच्या मागचं वाचायची तसदी काही घेतली नाही, म्हटलं त्यात काय एवढं. तेल चांगलं कडकडीत तापवलं, अर्धं पाकीट एकदम कढईत ओतलं, रंग आला तसे काढले आणि हात सवयीनं मिठाच्या डब्याकडे गेला. झालं! लेकीनं एक तोंडात टाकला आणि सरळ पाण्याचा ग्लास उचलला. मीठ, लसूण पावडर, मिरपूड सगळं आधीच होतं हो त्यात. वर बाहेरून काळपट आणि आत गारढोण. तर तुमची फजिती झाली असेल तीही लिहा आणि जमले असतील तर कसे तेही, कढई की ओव्हन की एअर फ्रायर ते सांगायला विसरू नका.

*

कडकडीत तेल, तिथेच घोळ झाला ताई. बटाटा आतून गरम व्हायच्या आधी वरची लसूण पावडर करपते. मी १७५ ते १८० डिग्रीला तळते. थर्मामीटर नसेल तर एकच फ्राय टाकून बघायचा, बुडबुडे जोरात यायला हवेत पण रंग लगेच धरायला नको. आणि एका वेळी मूठभरच. जास्त टाकले की तेल गार पडतं आणि मग ते तळले जात नाहीत, नुसते तेल पितात.

*

मी तर त्याहून शहाणा. आतून गार राहतात ना, मग आधी तासभर बाहेर काढून ठेवू असं डोकं चालवलं. तासाभरानं ताटलीत एक चिकट गोळा, सुटे करायला गेलो तर मसाला बोटांना आणि बटाटे नागडे. भाऊ फूड टेक्नॉलॉजी शिकलाय, तो पोट धरून हसला. मग त्यानं सांगितलं की कारखान्यात बटाटा गरम पाण्यातून काढतात, थोडा सुकवतात, स्टार्च आणि मसाल्याच्या पातळ पिठात घोळवून एकदा तळतात आणि मग गोठवतात. म्हणजे आपण घरी करतो ते दुसरं तळणं. बर्फ वितळला की त्या पिठाच्या आवरणाचा चिखल होतो. तेव्हापासून फ्रीजरमधून थेट तेलात. फक्त पाकिटात सुटा बर्फ दिसला तर तो झटकून टाका, नाहीतर तेल असं उडतं की झाकण घेऊन लढाईला उभं राहावं लागतं.

*

एअर फ्रायरवाली मी. पहिल्यांदा बास्केट गच्च भरलं, वरचे कुरकुरीत आणि खालचे लिबलिबीत. शिवाय धुवायचा कंटाळा म्हणून खाली कागद घातला होता, म्हणजे हवा जायची वाटच बंद केली. आता एकच थर, २०० डिग्री, साधारण १५ मिनिटं (पातळ कापाचे असतील तर आधीच बघा). वेगळं तेल घालत नाही, एकदा तळलेलेच असतात. आणि एक गोष्ट बरेच प्रयोग केल्यावर कळली की सुरुवातीची ७-८ मिनिटं हलवायचे नाहीत, आवरण जरा घट्ट झालं की मगच हलवायचे, नाहीतर मसाला जाळीला चिकटून तिथेच राहतो.

*

कढईत चव भारी येते, वादच नाही. पण नंतरचं तेल बघवत नाही.

*

एक सांगते, हसण्यावारी नेऊ नका. मला गहू चालत नाही, सिलिॲक आहे. फ्राइज म्हणजे बटाटाच तर, म्हणून बिनधास्त खाल्ले आणि दोन दिवस आडवी. नंतर पाकीट वाचलं तर आवरणात गव्हाचं पीठ. काहींत तांदळाचं असतं, काहींत दुधाची पावडरही निघते. पाहुण्यांना करणार असाल तर आधी विचारा.

*

मी रसायनशास्त्र शिकवतो त्यामुळे माझी टिमकी वाजवतोच. काळपट होऊ देऊ नका, सोनेरी झाले की काढा. बटाट्यासारखं पिष्टमय काही जास्त तापलं की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं, शरीराला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं, २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे पुढे आणलं. रंग जितका गडद तितकं ते साधारण जास्त. मसालेवाल्यांची पंचाईत अशी की लाल मसाल्यामुळे ते मुळातच गडद दिसतात आणि अंदाज चुकतो. मी एक फ्राय मोडून आतला बटाटा बघतो.

*

मला हा प्रकारच पटत नाही. साधे आणा, तळा, गरम असतानाच मसाला भुरभुरा, चांगला चिकटतो आणि मीठ आपल्या हातात राहतं. नवरा मात्र मसालेवाल्यांच्या बाजूनं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या तासानं माझे मऊ पडले होते आणि त्याचे अजून कुरकुरीत होते. त्याला हे सांगितलेलं नाही.

*

मूळ लेखिका परत हजर! काल दुसऱ्यांदा केले. तेल मध्यम, मूठमूठ टाकले, मिठाचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला होता. मस्त झाले, लेकीनं दुसऱ्यांदा मागून घेतले. आता फक्त पाकिटाच्या तळाशी मसाल्याचा चुरा उरलाय, त्याचं काय करता तुम्ही? टाकवत नाही.

*

टाका ताई टाका. मी तो कढईत ओतला होता, म्हटलं वाया कशाला. दोन मिनिटांत सगळा काळा, घरभर धूर, आणि पडद्यांना अजून लसणाचा वास येतोय.