मदत हवी आहे: 1880 पासूनची नोंद 1850-1900 च्या पायाशी कशी जोडायची?

अकरावीच्या मुलांसाठी जागतिक तापमानाचा एक मोठा तक्ता करतेय. नासाची गिसटेम्प आणि ब्रिटनची हॅडक्रट 5 या जागतिक तापमानाच्या दोन नोंदी, दोन्हींची वार्षिक विचलनं (एका ठरावीक काळाच्या सरासरीपासूनचा, म्हणजे ‘पाया’पासूनचा फरक) एक्सेलमध्ये घेतली आहेत. पहिलीचा पाया 1951-1980, दुसरीचा 1961-1990, त्यामुळे आकडे तसेच शेजारी ठेवता येत नाहीत एवढं माहीत आहे. म्हणून दोन्हींतून आपापली 1961-1990 ची सरासरी वजा केली. 1970 नंतरच्या रेषा अगदी एकमेकींवर बसल्या, बघून फार बरं वाटलं. (गिसटेम्पच्या टेक्स्ट फाइलमधले आकडे अंशाच्या शंभराव्या भागात असतात, ते शंभराने भागून घेतलेत.)

घोडं अडलंय ते औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपाशी. ती 1850-1900 धरतात, पण गिसटेम्प सुरूच होते 1880 ला. 1880-1900 ची सरासरी पाया धरली तर 2024 चं विचलन दीड अंशाच्या आसपास येतं. जागतिक हवामान संघटनेचा सहा नोंदींवरून काढलेला आकडा 1.55, अधिक-उणे 0.13. पण माझ्या त्या एकवीस वर्षांत 1883 चा क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक आणि त्यानंतरची थंड वर्षं आहेत, म्हणून पाया खाली खेचला जात असेल अशी शंका आहे.

प्रोग्रॅमिंग येत नाही, एक्सेलच वापरायचंय. हॅडक्रट 5 मधल्या 1850-1900 आणि 1880-1900 या सरासऱ्यांतला फरक काढून तोच गिसटेम्पला लावला तर शास्त्रीयदृष्ट्या चालेल का? आणि तसं केल्यास तक्त्यावर अनिश्चितता किती दाखवावी?