साठवलेल्या जन्मतारखांमधील केवळ शतक बदलण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील एका टेबलात जुन्या फाइलींतून जन्मतारखा भरताना वर्ष दोनच अंकी राहिले आणि डेटाबेसने ०० ते ६९ ही वर्षे २००० ते २०६९ अशी धरली. परिणामी १४ ऑगस्ट १९५२ ही तारीख आता २०५२-०८-१४ अशी दिसते. दिवस व महिना अचूक आहेत, त्यांना धक्का लागू नये.

तारखेचे मजकुरात रूपांतर करून वर्षाचे अंक बदलावेत, की अपडेट क्वेरीत (साठवलेली माहिती बदलणाऱ्या आज्ञेत) इंटरव्हल म्हणजे कालावधी वापरून १०० वर्षे वजा करावीत? मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, परंतु २९ फेब्रुवारी २००० ही तारीख त्यात सापडल्यास, १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे, ती निमूटपणे २८ फेब्रुवारी होईल.

आजच्या पुढच्या तारखा वेअर अटीने (ओळी निवडण्याच्या अटीने) सहज निवडता येतात. खरी अडचण २०१२ सारख्या नोंदींची आहे, कारण ते वर्ष खरेच २०१२ आहे की १९१२, हे त्या तारखेवरून कळत नाही. टेबलात नोंदणीच्या तारखेचाही स्तंभ आहे. जन्मतारीख तिच्यानंतरची असेल तेवढ्याच ओळी बदलणे पुरेसे ठरेल का? बॅकअप घेतलेला आहे आणि सर्व बदल ट्रान्झॅक्शनमध्येच, म्हणजे चूक झाल्यास एकत्र मागे घेता येतील असे, करणार आहे. हे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.